बाबांच्या मशीनला चालेल ती रॅम

सुट्टीवर निघायच्या आधी महिनाभर आखातातल्या बहुतेक मराठी घरांतून भारतात एक फोन जातो. “येताना काय आणू?” पूर्वी उत्तरं ठरलेली असायची. खजूर, केशर, बदाम, अत्तर. हल्ली तिकडे सगळंच मिळतं, त्यामुळे “तू ये म्हणजे झालं” असं आई म्हणते. या वेळी मात्र बाबांनी फोन हातात घेतला आणि एकच वस्तू सांगितली. “माझ्या कॉम्प्युटरला चांगली रॅम आण. दुबईत स्वस्त असते म्हणे.”

आता गंमत अशी की “चांगली रॅम” अशी वस्तू बाजारात नसते. रॅमचं चष्म्यासारखं आहे. काच कितीही महागाची असो, नंबर आपला लागतो. त्यातून मशीन डोंबिवलीत, मी दुबईत आणि खरेदी सुटकेसमध्ये. चुकीची निघाली तर बदलून घ्यायला पुढच्या वर्षीची सुट्टी. तेव्हा विकत घेण्याआधी सगळं नक्की करायचं असं ठरवलं. त्या शोधात जे कळलं ते इथे लिहितो आहे, कारण माझ्या ओळखीतल्या निदान चार-पाच घरांत असंच एखादं जुनं मशीन भारतात आई-वडिलांकडे आहे.

“नवीन लॅपटॉपच घेऊन जा ना” हा सल्ला मला प्रत्येकाने दिला. त्याचं उत्तर आधी देतो. बाबा डोंबिवलीत घरातच डीटीपीचं काम करायचे. लग्नपत्रिका, शाळांचे वार्षिक अंक, पतपेढ्यांचे अहवाल. व्यवसाय बंद करून बरीच वर्षं झाली, पण गेली नऊ वर्षं ते आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत लावताहेत. सहाशेच्या वर पानं झाली आहेत, सगळी पेजमेकरमध्ये. मजकूर युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये आहे. ती फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली की आमच्या खापरपणजोबांच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. फॉन्टचं सॉफ्टवेअर चालतं ते मागे खोचलेल्या डाँगलवर, आणि त्या डाँगलचा ड्रायव्हर ३२-बिट विंडोजसाठीचा. ६४-बिट विंडोजवर ३२-बिट ड्रायव्हर चढतच नाही. ज्याच्याकडून ते घेतलं त्याने दुकान कधीच आवरलं. फॉन्ट युनिकोडमध्ये बदलून देणारे प्रोग्रॅम आहेत, पण रफार आणि जोडाक्षरं त्यात इकडेतिकडे होतात. म्हणजे सहाशे पानांची प्रुफं नव्याने वाचायची. बाबा शहात्तरचे आहेत, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आहे. कुलसंमेलनाची तारीख ठरलेली. मशीन बदलणं म्हणजे पुस्तक बदलणं होतं.

मशीन २०११ मध्ये असेंबल करून घेतलेलं. अडचण एवढीच होती की जुने फोटो स्कॅन करून पानांत बसवायला लागल्यापासून ते दर दहा मिनिटांनी गोठायचं. फोटोशॉप आणि पेजमेकर एकदम उघडले की माउस हलवला तरी बाण जागचा हलत नसे.

पण मशीन हळू आहे म्हणजे रॅमच कमी आहे असं नसतं. धुळीने भरलेला पंखा असतो, मरायला टेकलेली हार्ड डिस्क असते. म्हणून पहिल्यांदा बाबांना टास्क मॅनेजर उघडायला सांगितला आणि म्हटलं, “बाबा, नेहमीसारखं काम करा आणि मशीन अडकायला लागलं की खालच्या पट्टीत फिजिकल मेमरीपुढे किती टक्के आहे ते वाचा.” ब्याण्णव, मग पंच्याण्णव. त्याच वेळी प्रोसेसर जेमतेम पंधरा टक्के. हे लक्षण स्पष्ट आहे. रॅम भरली की विंडोज उरलेला पसारा हार्ड डिस्कवर ठेवतं आणि पुन्हा पुन्हा तिथून उचलून आणतं. डिस्क रॅमच्या मानाने फारच सावकाश, म्हणून सगळं खोळंबतं. हे आकडे पन्नास-साठ टक्के आले असते तर मी रॅमचा विषय तिथेच सोडला असता.

मग रविवारी दुपारी व्हिडिओ कॉलवर कॅबिनेट उघडलं. वायर काढून, बटण एकदा दाबून उरलीसुरली वीज जाऊ देऊन, डावीकडचं झाकण. बाबांनी मदरबोर्डचे आणि रॅमचे फोटो काढून पाठवले. दोनच स्लॉट, दोन्ही भरलेले, प्रत्येकी १ जीबी. दोन स्लॉट म्हणजे आणखी एक पट्टी जोडता येणार नव्हती, होत्या त्या काढून मोठ्या लावायला लागणार होत्या. रिकामा स्लॉट आहे की नाही हे आधी पाहिल्याशिवाय रॅम विकत घेणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

रॅमच्या लेबलावर जवळजवळ सगळं लिहिलेलं असतं, फक्त ते वाचता यायला हवं. बाबांच्या पट्टीवर होतं, “१ जीबी, १आर×८, पीसी३-१०६००यू”. यातला “पीसी३” म्हणजे डीडीआर३. ही पिढी सगळ्यात महत्त्वाची, कारण पिढ्या एकमेकींच्या स्लॉटमध्ये बसत नाहीत. डीडीआर२ आणि डीडीआर३ दोन्हींना २४०च पिना, पण खालची खाच वेगळ्या जागी असते. डीडीआर४ला आणि डीडीआर५ला २८८ पिना, त्यांच्याही खाचा वेगळ्या. व्होल्टेजही उतरत गेलेलं आहे. डीडीआर२ला १.८, डीडीआर३ला १.५, डीडीआर४ला १.२. त्यामुळे पट्टी बसत नसेल तर जोर लावायचा नाही, ती त्या घरची नाही एवढंच समजायचं. डीडीआर३मध्ये “पीसी३एल” असाही प्रकार आहे, तो १.३५ व्होल्टवर चालतो, पण नियमाप्रमाणे १.५ वरही चालायला हवा.

पुढचा १०६०० हा आकडा वेगाचा. १३३३ गुणिले ८ करून पाहा, जवळपास तितकंच येतं. १२८०० असेल तर १६००ची पट्टी. बोर्ड त्याच्या मर्यादेपर्यंतच पळवतो, जादा वेगाची पट्टी सहसा मुकाट्याने हळू चालते. त्यामुळे वेगावर फार वेळ घालवू नये. खरी मेख शेवटच्या अक्षरात आहे. “यू” म्हणजे साध्या डेस्कटॉपची. “एस” म्हणजे लॅपटॉपची आखूड पट्टी. “आर” म्हणजे सर्व्हरची, आणि हीच फसवते, कारण डीडीआर३ची सर्व्हरवाली पट्टी डेस्कटॉपच्या स्लॉटमध्ये अगदी व्यवस्थित बसते. खाच जुळते, टक आवाज येतो आणि मशीन मात्र सुरू होत नाही.

ही “आर”वाली माझ्यापुढे पहिल्याच दुकानात आली. बर दुबईत खालिद बिन अल वलीद रोडला लोक कॉम्प्युटर स्ट्रीट म्हणतात, आणि जवळच मनखूल रोडवर अल ऐन सेंटर आहे. नव्यापेक्षा मला जुनं विकणारी आणि दुरुस्ती करणारी छोटी दुकानं हवी होती. शनिवारी संध्याकाळी गेलो. दुकानदार केरळचा, हिंदी आमच्यापेक्षा चांगली. डीडीआर३ म्हटल्याबरोबर त्याने खणातून ८ जीबीच्या पट्ट्या काढल्या, भाव ऐकून मी चकितच झालो. डेटा सेंटरमधून निघालेला माल असा ढिगाने येतो. लेबल वाचलं, शेवटी “आर”. ठेव म्हटलं. तो हसला आणि दुसऱ्या खणाकडे वळला. २०२५च्या अखेरीपासून डीडीआर४ आणि डीडीआर५चे भाव चढल्यावर जुन्या मशीनला रॅम शोधत येणारी गिऱ्हाइकं वाढली आहेत, असं त्याचं म्हणणं.

दुसऱ्या खणात ४ जीबीच्या “यू” पट्ट्या होत्या. डीडीआर३, १६००, नामांकित बनावट. कुणीही म्हणेल, झालं काम. पण बाबांच्या बोर्डाचा फोटो माझ्याकडे होता, त्यावर इंटेलचा जी४१ चिपसेट. हा चिपसेट २००८ मध्ये आला आणि पुढे कितीतरी वर्षं आपल्याकडे असेंबल होणाऱ्या स्वस्त मशीनमध्ये तोच असायचा. तुमच्या घरी २०१० ते २०१३च्या दरम्यान गल्लीतल्या कॉम्प्युटरवाल्याकडून केलेलं कोअर टू ड्युओ किंवा ड्युअल कोअर असेल, तर बोर्ड जी४१ असण्याची शक्यता बरीच आहे. म्हणून यावर थोडं थांबतो.

रॅमच्या पट्टीवर काळे चौकोनी तुकडे दिसतात, त्या चिप. ४ जीबीची पट्टी दोन तऱ्हांनी बनते. जुनी पद्धत म्हणजे दोन्ही बाजूंना आठ-आठ मिळून सोळा चिप, प्रत्येक २ गिगाबिटची, म्हणजे २५६ एमबीची. नंतर ४ गिगाबिटच्या दाट चिप आल्या, मग आठच पुरू लागल्या. दुकानात दोन्हींवर “४ जीबी डीडीआर३” असंच लिहिलेलं. पण जी४१ला २ गिगाबिटपर्यंतचीच चिप ओळखता येते. त्याच्यावर आठ चिपवाली ४ जीबीची पट्टी लावली तर एक तर मशीन नुसतं बीप करत बसतं, नाहीतर निम्मीच रॅम दाखवतं. लेबलावर हे “१आर×८” आणि “२आर×८” असं कळतं. “×८” असेल तर “१आर” म्हणजे आठ चिप आणि “२आर” म्हणजे सोळा. २ जीबीच्या पट्टीतही हाच प्रकार आहे. आठ किंवा सोळा चिप असतील तर जी४१वर चालते, चारच चिप असतील तर त्या दाट आहेत, घ्यायची नाही. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही, की हे तपासायला कुठलं यंत्र लागत नाही, पट्टी उलटसुलट करून मोजायचं.

दुकानदाराची पट्टी आठ चिपची होती. तो म्हणाला, “टेस्ट करके देता हूँ, साब,” आणि टेबलावरच्या बोर्डावर लावून दाखवली. लगेच चालली. पण तो बोर्ड एच६१ चिपसेटचा होता, जी४१च्या नंतरचा. त्याला ४ गिगाबिटच्या चिप चालतात. तिथे चालली म्हणून डोंबिवलीत चालेल याला काही आधार नव्हता. मी त्याला हे सांगितलं तेव्हा त्याने प्रामाणिकपणे सांगितलं की जी४१ बोर्ड त्याच्याकडे आता येतच नाहीत. सात दिवसांत बदलून देईन म्हणाला. माझं विमान आठ दिवसांनी होतं. चहा पिऊन परत आलो.

बाकी एक प्रश्न मला आधीपासून पोखरत होता, घ्यायची तरी किती? जी४१ जास्तीत जास्त ८ जीबी घेतो, म्हणजे दोन वेळा चार. ऑफिसातले मित्र म्हणाले, घेतोस तर आठच घे. पण बाबांच्या मशीनवर ३२-बिट विंडोज ७ आहे, आणि डाँगलमुळे ते तसंच राहणार. ३२-बिट विंडोज ७ला ४ जीबीच्या पलीकडचं दिसत नाही. त्या चारातलीही काही जागा ग्राफिक्स आणि इतर हार्डवेअरच्या पत्त्यांसाठी जाते. ८ जीबी लावली असती तर निम्म्याहून जास्त नुसती शोभेला राहिली असती. आणि सोळा चिपच्या ४ जीबी पट्ट्या दुर्मीळ असल्याने दोन जीबीच्या पट्ट्यांपेक्षा बऱ्याच महाग. म्हणजे मर्यादा तीन ठिकाणी पाहायला हवी, बोर्डाची, चिपची आणि विंडोजची, आणि तिघांत जी सगळ्यात कमी तेवढीच खरेदी. आमचं उत्तर आलं दोन आणि दोन, चार जीबी. पट्ट्या जोडीने आणि सारख्या घेतल्या की दोन्ही चॅनेल एकदम चालतात, तोही थोडा फायदा. खर्च इतका कमी झाला की आईला वाटलं मी काहीतरी लपवतोय.

खरेदी शेवटी लॅमिंग्टन रोडला झाली. डोंबिवलीहून दादर, तिथून गाडी बदलून ग्रँट रोड. बाबा म्हणाले, मी पण येतो. त्यांनी १९९५ पासून सगळी मशीनं तिथूनच उचललेली. सोबत जुनी एक पट्टी कागदात गुंडाळून घेतली आणि बोर्डाचा फोटो. दुसऱ्या मजल्यावरच्या एका दुरुस्तीवाल्याकडे पट्टी ठेवली तसं त्याने लेबलाकडे न पाहताच विचारलं, “जी४१ का? सोळा चिपवाली लागेल ना?” मी दुबईत जे आठवडाभर वाचत बसलो होतो ते या मुलाला रोजचं पाठ होतं. त्याच्या टेबलावर जी४१चाच बोर्ड उघडा पडलेला. २ जीबीच्या दोन पट्ट्या, वापरलेल्या, सोळा-सोळा चिपच्या. बाबांनी स्वतः चष्मा वर करून चिप मोजल्या, दोनदा. बोर्डावर लावून दाखवल्या, एक महिन्याची गॅरंटी बिलावर लिहून घेतली.

माझं मत विचाराल तर जुन्या भारतीय असेंबल्ड मशीनची रॅम परदेशातून नेऊच नये. ज्या शहरात ती मशीनं लाखाने विकली गेली, तिथेच तिचे सुटे भाग आणि ते ओळखणारी माणसं असतात. इथून न्यायचंच असेल तर मशीन यापेक्षा नवं हवं. इंटेलच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीपासून, म्हणजे एच६१ वगैरे बोर्डांपासून, चिपच्या दाटपणाचा हा घोळ जवळजवळ संपतो आणि ८ जीबीच्या साध्या पट्ट्या चालतात. तिथेही “फक्त एएमडीसाठी” असं बारीक अक्षरांत लिहिलेल्या स्वस्त डीडीआर३ पट्ट्या टाळा, इंटेलच्या बोर्डावर त्या चालत नाहीत. सहाव्या पिढीच्या काही बोर्डांना डीडीआर३ची “एल”वालीच लागते, तिथे १.५ व्होल्टची लावू नये. आणि ब्रँडेड छोट्या डब्यासारख्या डेस्कटॉपमध्ये कित्येकदा लॅपटॉपची आखूड पट्टी असते, त्यामुळे झाकण उघडल्याशिवाय पैसे देऊ नका.

बसवायला दहा मिनिटं लागली. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवली, दोन्हीकडच्या खिट्ट्या उघडल्या, जुन्या पट्ट्या काढल्या. बाबांनी खिशातून पांढरं खोडरबर काढलं. सोनेरी पिना खोडरबरने हलक्या हाताने पुसायच्या हा आपल्याकडच्या प्रत्येक दुरुस्तीवाल्याचा पहिला उपाय. परदेशी मार्गदर्शिकांत तो नापसंत आहे, पण निम्मी बंद पडलेली मशीनं त्याने सुरू झालेली मी पाहिली आहेत. बुरा मात्र फुंकर न मारता ब्रशने झाडायचा. मग खाच जुळवून दोन्ही टोकांवर सारखा दाब, टक, टक. एका बीपवर मशीन चालू झालं. विंडोजने ४ जीबी दाखवली, त्यातली ३.२४ वापरण्याजोगी, हिशेबाप्रमाणेच. वापरलेला माल असल्याने रात्री झोपताना विंडोजमधलीच मेमरी डायग्नॉस्टिक तपासणी लावून ठेवली. सकाळी एकही चूक नाही. एखादी जरी निघाली असती तरी मी त्या पट्ट्या परत केल्या असत्या, कारण खराब रॅम मशीन नुसतं बंद पाडते असं नाही, ती गुपचूप फाइलही बिघडवू शकते, आणि नऊ वर्षांच्या फाइलीवर तो धोका कोण घेणार?

फाइलींवरून आठवलं, रॅमला हात लावण्याआधी सगळा कुलवृत्तांत दोन पेनड्राइव्हवर उतरवला होता. प्रत्येक पानाचं पीडीएफही केलं, म्हणजे फॉन्ट नसला तरी वाचता येईल. विंडोज ७चे सुरक्षा अपडेट जानेवारी २०२० मध्येच थांबले, त्यामुळे त्या मशीनची इंटरनेटची वायर काढून टाकली आहे. मेल आणि व्हॉट्सअॅप बाबा फोनवर बघतात.

आता फोटोशॉप आणि पेजमेकर एकदम उघडले तर टास्क मॅनेजर साठ-पासष्ट टक्क्यांच्या आसपास राहतो. रॉकेटसारखं वगैरे झालेलं नाही, चालू व्हायला अजून दोन मिनिटं घेतंच. पण गोठत नाही. मी परत आलो त्या आठवड्यात बाबांनी नागाव शाखेचे बेचाळीस फोटो लावून संपवले आणि कोकणातल्या एका चुलत आत्याला फोन करून आणखी मागवले. पानं सातशेवर जाणार असं दिसतंय, छपाईवाल्याचा अंदाज त्यामुळे बदलायला लागेल.

काढलेल्या १ जीबीच्या दोन्ही पट्ट्या चांगल्या चालू आहेत. बाबांनी त्या पाकिटात घालून वर निळ्या पेनाने “डीडीआर३, जी४१ला चालतात, ८ चिप” असं लिहून टेबलाच्या खणात ठेवल्यात. डोंबिवलीत कुणाला लागल्या तर ते आनंदाने देतील, फक्त बोर्डाचा फोटो आधी दाखवावा लागेल.